जखमींकडे पाठ करून धावणारा माणूस

रेल्वेच्या नियमपुस्तकातले एक कलम पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते निर्दय वाटले होते. दोन स्थानकांच्या मध्ये गाडीला अपघात झाला, तर गार्डने काय करायचे ते त्यात सांगितले आहे. २०२२च्या जानेवारीपासून गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, पण बोलण्यात तो अजून गार्डच आहे. त्याने लाल दिवा आणि फटाके घेऊन रुळांतून मागे चालत सुटायचे. ६०० मीटरवर रुळाला एक फटाका बांधायचा. १२०० मीटरवर, दहा-दहा मीटर अंतराने, आणखी तीन. हे फटाके म्हणजे डिटोनेटर. चाकाखाली आले की जोराचा आवाज होतो आणि मागून येणाऱ्या गाडीच्या लोको पायलटला कळते की पुढे धोका आहे. इंजिनाकडच्या बाजूने हेच काम सहायक लोको पायलटने करायचे. इंजिनावरचा पिवळा फ्लॅशर लावायचा. शेजारचा रूळ अडला असेल, तर त्या रुळावरून येणारी गाडी आधी थांबवायची.

नियमाच्या भाषेत हे अगदी साधे दिसते. प्रत्यक्ष डोळ्यांपुढे आणून पाहा. रात्र आहे. डबे कलंडले आहेत. आतून हाका येताहेत, कुणाचे मूल रडते आहे, आणि गणवेशातला एकमेव जबाबदार माणूस या सगळ्यांकडे पाठ करून अंधारात सव्वा किलोमीटर निघून जातो. प्रवाशांना तो पळून चालला असेच वाटणार. खरे तर त्या क्षणी त्याच्या हातून होऊ शकणारे सगळ्यात मोठे काम तेच असते. चार जखमींना उचलायला चार माणसे मिळतील. येणारी दुसरी गाडी थांबवायला दुसरे कुणी नसते.

२२ जानेवारी २०२५च्या संध्याकाळी जळगाव जिल्ह्यात माहेजी आणि परधाडे या स्थानकांच्या मध्ये काय झाले, ते आठवा. लखनौहून मुंबईला निघालेल्या पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, माणसे घाबरून खाली उतरली, ती थेट शेजारच्या रुळावर. त्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान बारा माणसे गेली. फ्लॅशर लावला होता आणि कर्नाटक एक्सप्रेसच्या लोको पायलटने ब्रेकही लावला, पण तिथल्या वळणामुळे अंतर पुरले नाही, असे मध्य रेल्वेने तेव्हा सांगितले. नियम पाळूनही माणसे वाचली नाहीत, याचा अर्थ नियम व्यर्थ असा होत नाही. अशा प्रसंगी काही मिनिटेसुद्धा हाताशी नसतात, एवढे त्यातून कळते. डब्यात एखाद्या माणसाने दारात उभे राहून ‘त्या बाजूला उतरू नका’ एवढे चारदा ओरडून सांगितले असते तर, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

ज्या शिक्षणाबद्दल मला लिहायचे आहे ते हेच. जखमा बांधण्याचे, डबे कापण्याचे शिक्षण वेगळे असते आणि तेही हवेच. पण रेल्वे अपघातात पुढे उभे राहून सूत्रे हाती घ्यायची कशी, पहिला हुकूम कोणता द्यायचा, कोणता मोह टाळायचा, हे शिकावे लागते. ते आपोआप येत नाही, आणि हुद्द्याबरोबर तर नाहीच नाही.

हा लेख मी नाशिकच्या अंबडमधून लिहितो आहे, आणि अंबडला रेल्वे नाही. आमच्याकडे एमआयडीसी आहे, गरवारे पॉइंट आहे, पाळी सुटली की पाथर्डी फाट्याकडे वाहणारा दुचाक्यांचा लोंढा आहे. रूळ आमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवर, नाशिकरोड-देवळालीच्या अंगाला. तरीही हा विषय मला अंबडचाच वाटतो, तो एका जुन्या प्रसंगामुळे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी इथल्या एका कारखान्यात होतो. रात्रपाळीत पेंट शॉपला आग लागली. आग फार मोठी नव्हती. आमच्या पाळीचा प्रमुख धाडसी माणूस; तो स्वतः धावला आणि त्याने हायड्रंटचा नोझल हातात घेतला. त्याला पाहून आम्हीही धावलो. कुणी पाइप ओढतोय, कुणी वाळूच्या बादल्या आणतोय. आग विझली. आणि मग कुणीतरी विचारले, सगळे बाहेर आले का? उत्तर कुणालाच देता येईना. एक हेल्पर पोरगा दिसत नव्हता. दोन माणसे पुन्हा धुरात शिरली, त्यांतल्या एकाला खोकत खोकत उचलून आणावे लागले. पोरगा सापडला कँटीनच्या मागच्या ओट्यावर, भेदरून बसलेला. असेंब्ली पॉइंट ठरलेला होता, गेटपासचे रजिस्टरही होते. मोजायला मात्र कुणी उभे नव्हते, कारण ज्याने उभे राहायचे त्याच्या हातात नोझल होता.

त्या रात्रीपासून मला पक्के ठाऊक आहे की अशा वेळी पुढाऱ्याचे हात रिकामे हवेत.

कारखान्यांच्या कायद्याने हे फार आधी ओळखले आहे. भोपाळच्या वायुकांडानंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात नवी कलमे आली आणि धोकादायक उद्योगांना आपत्कालीन आराखडा करणे बंधनकारक झाले. त्या आराखड्यांत दोन पदे असतात: ‘साइट मेन कंट्रोलर’ आणि ‘इन्सिडेंट कंट्रोलर’. पहिला संपूर्ण कारखान्याकडे पाहतो. दुसरा जिथे घटना घडली तिथे उभा राहतो. दोघांनीही स्वतः पाइप धरायचा नाही. याच कायद्याच्या ४५व्या कलमाने दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी आणि ती सांभाळायला प्रमाणपत्र असलेला माणूस ठरवून दिला होता. अंबड आणि सातपूरमधल्या कारखान्यांचा विचार करा. प्रथमोपचार शिकलेली, सायरन ऐकून न गोंधळणारी, हेड काउंट म्हणजे काय ते जाणणारी केवढी माणसे या दोन वसाहतींत रोज पाळी करतात! रुळावर काही घडले तर ही माणसे रेल्वेच्या कुठल्या यादीत असतील?

३ एप्रिल २०२२, रविवारची दुपार. लोकमान्य टिळक टर्मिनसहून जयनगरला निघालेली पवन एक्सप्रेस लहवित आणि देवळालीच्या मध्ये रुळांवरून घसरली. दहा-अकरा डबे उतरले. अपघाताच्या मानाने थोडक्यात निभावले, काही प्रवासी जखमी झाले. दुपारची तीनची वेळ, कोरडा ऋतू, जवळच देवळाली कॅम्पसारखे लष्करी ठाणे. यातली प्रत्येक गोष्ट आपल्या बाजूने होती. हीच घटना श्रावणात, रात्री दोन वाजता, घोटीच्या भातखाचरांमध्ये घडली असती तर?

रेल्वेच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या पुस्तकांत या ‘तर’चा बराच विचार आहे, आणि तो चांगला आहे हे मान्य केले पाहिजे. तिथे मदत करणाऱ्यांच्या तीन फळ्या मानल्या आहेत. पहिली फळी गाडीतलीच: गार्ड, लोको पायलट, तिकीट तपासनीस, रेल्वे पोलीस, प्रवासात असलेले रेल्वे कर्मचारी, आणि प्रवाशांत कुणी डॉक्टर असेल तर तो. दुसरी फळी आसपासची: गावकरी, जवळच्या स्थानकाचे आणि गँगचे लोक, गावातले डॉक्टर. तिसरी फळी मदतगाडीतून येणारी, शिकलेली आणि सामानासह. वैद्यकीय मदतगाडीने हुकूम मिळाल्यापासून, दोन्हीकडून बाहेर पडता येणाऱ्या सायडिंगवर असेल तर १५ मिनिटांत आणि एकाच बाजूने बाहेर पडता येत असेल तर २० मिनिटांत निघायचे असते. क्रेन आणि अवजारांची मदतगाडी दिवसा ३० मिनिटांत, रात्री ४५ मिनिटांत निघाली पाहिजे.

या वेळा निघण्याच्या आहेत, पोचण्याच्या नाहीत. मुंबईपासून इगतपुरी सुमारे १३७ किलोमीटर, नाशिकरोड १८८, मनमाड २६१. म्हणजे मनमाडहून निघालेल्या गाडीला नाशिकरोडपर्यंतच सत्तरेक किलोमीटर कापायचे, इगतपुरीहून पन्नासेक. वाटेत गाड्या अडकलेल्या, रूळ मोकळा करत करत यायचे. जखमी माणसाच्या दृष्टीने जो पहिला तास सगळ्यात मोलाचा, ज्याला जगभर ‘गोल्डन अवर’ म्हणतात, तो बहुतेक सगळा पहिल्या दोन फळ्यांच्या हाती असतो. आणि शिक्षण मात्र सगळ्यात जास्त मिळते तिसऱ्या फळीला.

त्याच पुस्तकांतली एक सूचना मला फार आवडते. रात्रीचा अपघात असेल तर आसपासच्या गावांतून ट्रॅक्टर मागवा, ते रुळाच्या दोन्ही अंगांना उभे करा आणि त्यांच्या दिव्यांनी जागा उजळा. ट्रॉल्यांतून जखमी हलवा. हे लिहिणाऱ्याने खेडे पाहिलेले आहे. लहवित, अस्वली, पाडळी, निफाड, उगाव, लासलगाव या पट्ट्यात टोमॅटो, द्राक्षे आणि कांदा वाहणारे ट्रॅक्टर घराघरांत आहेत. पण दहा ट्रॅक्टर एका अरुंद शिवाररस्त्याने एकाच वेळी आले की काय होते तेही गावकऱ्यांना ठाऊक आहे. पहिला चिखलात रुतला की मागचे नऊ अडकले, आणि त्यांच्यामागे रुग्णवाहिका अडकली. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत एक माणूस फाट्यावर उभा करावा लागतो. त्याने फक्त एवढेच करायचे: आत जाणारी वाट एक, बाहेर येणारी दुसरी, आणि रिकामा ट्रॅक्टर रस्त्यावर थांबू द्यायचा नाही. हे काम गावच्या पोलीस पाटलाइतके चांगले दुसरा कुणी करणार नाही. मात्र ते त्याला आधी सांगितलेले असले पाहिजे.

आता धोक्याबद्दल. इथे रेल्वेचा अपघात रस्त्यावरच्या अपघातापेक्षा वेगळा होतो. रुळांवरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा प्रवाह असतो. डबे उलटले की खांब वाकतात, तार लोंबते, कधी डब्याच्या टपावर पडते. मदतीला आलेला धीट तरुण सगळ्यात आधी कुठे चढतो? टपावर. कारण आडव्या झालेल्या डब्याच्या खिडक्या वर आलेल्या असतात. प्रवाह बंद केला, असा निरोप आला तरी पुरत नाही. शेजारच्या तारेमुळे बंद तारेतही दाब उतरतो. दोन्ही बाजूंनी तार जमिनीला जोडून ‘अर्थ’ केली, असे रेल्वेच्या अधिकृत माणसाने सांगेपर्यंत ती जिवंतच समजायची. अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यासाठी हा फार कठीण क्षण असतो. त्याचे सगळे शिक्षण त्याला धावत जाऊन पाण्याचा मारा करायला सांगते, आणि इथे त्याने हात वर करून आपल्याच माणसांना थांबवायचे असते.

५ नोव्हेंबर २०२२च्या सकाळी नाशिकरोड स्थानकात शालिमार-लोकमान्य टिळक टर्मिनस एक्सप्रेसच्या पार्सल डब्याने पेट घेतला. प्रवासी सुखरूप राहिले. जळणारा डबा गाडीपासून सोडवून बाजूला काढला गेला. स्थानकात, फलाटाला लागलेली गाडी, हाताशी माणसे. म्हणून ते निभावले. पण त्या चित्रात एकाच वेळी किती वेगवेगळे हुकूमदार होते पाहा. गाडी हलवायचा हुकूम स्टेशन मास्तर आणि कंट्रोलचा. वीज तोडायचा हुकूम कर्षण विजेच्या नियंत्रकाचा, तो बसतो दूर. आग विझवायची ती महापालिकेच्या दलाने. फलाट रिकामा करायचा तो रेल्वे पोलिसांनी. यांतल्या कुणीही दुसऱ्याची वाट पाहत बसला किंवा दुसऱ्याला न सांगता पुढे गेला, तर काय होईल?

मोठ्या अपघातात ही यादी आणखी वाढते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५चा. त्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. रेल्वेच्या पद्धतीप्रमाणे विभागाचे व्यवस्थापक, म्हणजे डीआरएम, घटनास्थळी जातात आणि अतिरिक्त व्यवस्थापक, म्हणजे एडीआरएम, कंट्रोल ऑफिसमध्ये बसतात. पंचनामा लोहमार्ग पोलिसांचा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, येते पुण्याजवळच्या सुदुंबरेहून, तिथे त्यांची पाचवी बटालियन आहे. आपल्याकडे तर आणखी एक गाठ आहे: इगतपुरी मुंबई विभागात, आणि तिथून पुढे भुसावळ विभाग. घाटाच्या तोंडाशी काही घडले तर दोन विभागांची कंट्रोल ऑफिसे एकमेकांना फोन करणार.

अशा गर्दीत एकवाक्यता कशी आणायची, यावर जगात पुष्कळ विचार झाला आहे. १९७०च्या कॅलिफोर्नियातल्या वणव्यांनंतर तिथल्या दलांच्या लक्षात आले की माणसे आणि पाणी कमी पडले नव्हते. वेगवेगळ्या दलांचे शब्द, हुद्दे आणि रेडिओ जुळत नव्हते. त्यातून एका नेत्याखाली काम वाटून घेण्याची जी पद्धत निघाली, तीच आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१०च्या मार्गदर्शक सूचनांत आणली. जर्मनीत रेल्वेने ‘नोटफाल-मॅनेजर’ नावाचे खास शिकवलेले अधिकारी ठेवले आहेत. आपल्या टापूत कुठेही घटना घडली तरी अर्ध्या तासात तिथे पोचायचे, अग्निशमन दलाच्या प्रमुखाला भेटायचे आणि ‘रूळ बंद आहे, तार अर्थ केली आहे, आता जा’ हे वाक्य स्वतःच्या तोंडाने सांगायचे, हे त्यांचे काम. ब्रिटनमध्येही रेल्वेचा असा एक नेमलेला अधिकारी घटनास्थळी असतो. अग्निशमन, पोलीस, रुग्णवाहिका, सगळ्यांना रेल्वेशी बोलायचे तर त्या एकाशीच बोलायचे. मला या व्यवस्थेतला साधेपणा मोलाचा वाटतो. नेता सर्वज्ञ असण्याची गरज नाही. तो सगळ्यांना दिसला पाहिजे आणि एकच असला पाहिजे.

त्याचे पहिले काम म्हणजे नीट निरोप देणे. काय घडले, नेमके कुठे, कोणता धोका आहे, कोणत्या वाटेने यायचे, जखमी अंदाजे किती, कोणकोण आले आहेत आणि आणखी कोण हवे. हे सहा-सात मुद्दे एका श्वासात सांगता आले पाहिजेत. सांगून पाहा; वाटते तितके सोपे नाही. घाबरलेला माणूस ‘भयंकर झालंय, लवकर या’ एवढेच म्हणतो आणि फोन ठेवतो. ‘लहवितजवळ’ म्हणजे लहवितच्या अलीकडे की पलीकडे, रुळाच्या कोणत्या अंगाला? चुकीच्या अंगाला पोचलेली रुग्णवाहिका पुढच्या फाटकापर्यंत जाऊन परत येईतो अर्धा तास जातो.

दुसरे काम जखमींची निवड. याबद्दल लिहितानाही हात थबकतो. शिकवणीतला पहिला हुकूम असा: ज्यांना चालता येते त्यांनी त्या झाडाखाली जा. त्यांना हिरवी खूण. उरलेल्यांपैकी प्रत्येकाजवळ मिनिटभरापेक्षा जास्त थांबायचे नाही. श्वास मिनिटाला तीसपेक्षा जास्त आहे का, मनगटाची नाडी लागते का, ‘डोळे मिटा, हात दाबा’ म्हटले तर करतो का. यांतले एकही बिघडलेले असेल तर लाल, म्हणजे हा आधी. बाकीचे पिवळे. आणि ज्याचा श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास येत नाही, त्याला काळी खूण बांधून पुढे जायचे. सगळ्यात मोठ्याने ओरडणारा बहुधा सगळ्यात गंभीर नसतो. जो गप्प पडला आहे त्याच्याकडे आधी जावे लागते. आईच्या मांडीवरच्या निपचित मुलाला काळी खूण बांधून पुढे जाणे कुणाला जमेल? सराव केलेल्यालाही त्या रात्रीनंतर झोप येत नाही. म्हणून या शिक्षणात, नंतर स्वतःच्या माणसांना जवळ बसवून बोलते करण्याचाही एक धडा असायला हवा. तो मला आपल्याकडे फार कमी दिसतो.

तिसरे काम बोलण्याचे. याची दोन उदाहरणे आपल्याच महाराष्ट्रातली आहेत. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला तेव्हा उपनगरी बाजूच्या उद्घोषणा कक्षात विष्णू झेंडे होते. काचेतून त्यांना दिसत होते. त्यांनी प्रवाशांना कुठल्या बाजूने बाहेर पडायचे ते ध्वनिक्षेपकावरून पुन्हा पुन्हा सांगितले. हल्लेखोरांनी त्या काचेवरही गोळ्या झाडल्या. झेंडे यांच्या हातात शस्त्र नव्हते, त्यांना कुणाला उचलून नेता आले नसते. त्यांच्या आवाजाने मात्र कितीतरी लोकलप्रवासी त्या आवारातून वाचून बाहेर पडले.

दुसरे उदाहरण २७ जुलै २०१९चे. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली. आत सुमारे १,०५० प्रवासी, त्यांत नऊ गरोदर बायका. चहूकडे पाणी, रात्रभर अंधार. रेल्वेने सतत एकच गोष्ट सांगितली: गाडीतून उतरू नका, गाडीच सुरक्षित आहे. दुपारपर्यंत एनडीआरएफच्या बोटी, नौदल, रेल्वे, स्थानिक गावकरी या सगळ्यांनी मिळून सर्वांना बाहेर काढले. एकही जीव गेला नाही. पुष्पक आणि महालक्ष्मी या दोन गाड्या मी मनात शेजारी शेजारी ठेवतो. दोन्हींत भेदरलेली माणसे होती. महालक्ष्मीत त्यांना ‘थांबा’ म्हणणारा आवाज होता, आणि त्यांचा त्यावर विश्वास बसला.

हे सगळे शिकवणाऱ्या संस्था आपल्याकडे नाहीत असे नाही. भुसावळला मध्य रेल्वेची क्षेत्रीय प्रशिक्षण संस्था आहे, गार्ड आणि स्टेशन मास्तर तिथे घडतात. बंगळूरुजवळ हेज्जाला इथे रेल्वेची आपत्ती व्यवस्थापन संस्था आहे. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे. जिल्हा प्रशासनातल्या अधिकाऱ्यांसाठी पुण्यात यशदा आहे. आणि खुद्द नाशकात महाराष्ट्र पोलीस अकादमी. प्रत्येकजण आपापल्या घरात उत्तम शिकतो. माझी तक्रार एवढीच आहे की घटनास्थळी जे एकत्र येणार, ते वर्गात कधी एकत्र बसत नाहीत. नाशिकरोडचा स्टेशन मास्तर, महापालिकेचा आणि अंबड एमआयडीसीचा अग्निशमन अधिकारी, लोहमार्ग पोलिसांचा निरीक्षक, जिल्हा रुग्णालयाचा डॉक्टर, देवळालीचा लष्करी अधिकारी, इगतपुरीचा तहसीलदार यांनी एका टेबलाभोवती बसून, मध्ये नकाशा ठेवून, ‘रात्रीचे दोन वाजले आहेत, पाडळीजवळ डबे उतरले आहेत, बोला’ असा एक दिवस घालवला, तर मॉक ड्रिलच्या दहा छायाचित्रांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

मॉक ड्रिलबद्दल माझे मत स्पष्ट आहे. एनडीआरएफसह वर्षातून एकदा विभागात मोठा सराव होतो, तो व्हायलाच हवा. पण तो बहुधा यार्डात होतो, जुन्या डब्यावर, सकाळी अकराला, सगळ्यांना तारीख ठाऊक असताना. साहेब वेळेवर आलेले असतात. सराव रात्री घ्यावा. पावसात घ्यावा. आणि सुरू झाल्यावर पाचव्या मिनिटाला परीक्षकाने येऊन सांगावे, नेमलेले साहेब वाटेत अडकले, आता कोण? त्या प्रश्नावर जो पुढे होईल आणि ज्याचे बाकीचे ऐकतील, तेवढीच आपली खरी तयारी.

ही घाई कशासाठी, असे कुणी विचारेल. नाशिककराला ते सांगावे लागू नये. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत या शहराने ३९ माणसे गमावली. ती रस्त्यावरची गोष्ट. स्थानकांवरच्या गोष्टी इतर शहरांच्या आहेत आणि त्या आपल्यासाठीच घडल्यासारख्या आहेत: १० फेब्रुवारी २०१३, कुंभाच्या गर्दीत अलाहाबाद स्थानक, छत्तीस बळी; १५ फेब्रुवारी २०२५, प्रयागराजकडे निघालेली गर्दी, नवी दिल्ली स्थानक, अठरा बळी. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर तेवीस माणसे गेली, आणि तिथे तर कुंभही नव्हता, फक्त पाऊस होता. नाशिकच्या पुढच्या सिंहस्थाची अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ला आहेत, म्हणजे ऐन पावसाळ्यात. नाशिकरोड, देवळाली, ओढा या स्थानकांच्या जिन्यांवर त्या दिवसांत जो माणूस हातात ध्वनिक्षेपक घेऊन उभा असेल, त्याला गर्दी थांबवायचा अधिकार हवा. वर विचारायला जाण्याइतका वेळ त्याच्याजवळ नसेल. तो अधिकार त्याला लेखी द्यावा आणि तो वापरण्याचा सराव त्याच्याकडून आधी करून घ्यावा.

अंबडने काय करावे, हे मी माझ्या गावकीच्या हक्काने सांगतो. इथल्या उद्योजक संघटना, आयमा आणि निमा, यांनी प्रत्येक कारखान्यातल्या प्रथमोपचार शिकलेल्या कामगारांची, रुग्णवाहिकांची, हायड्रॉलिक कटर आणि जनरेटरची यादी करून ती जिल्हा आपत्ती कक्षाला आणि नाशिकरोडच्या स्टेशन मास्तरांना द्यावी. दर सहा महिन्यांनी ती ताजी करावी. आमच्या इन्सिडेंट कंट्रोलरना वर्षातून एक दिवस रुळाजवळ नेऊन तार, खांब, फटाका, फ्लॅशर दाखवावा. रेल्वेने त्यांना सांगावे की तुम्ही आलात तर कुणाला भेटायचे, कोणत्या रेषेच्या पुढे जायचे नाही. पुष्कळ खर्चाचे यातले काहीच नाही.

आणि एक विनंती तुम्हाला, वाचकाला. पुढच्या वेळी मनमाडला, मुंबईला जाताना खिडकीतून तारेच्या खांबांकडे पाहा. प्रत्येक खांबावर दोन आकडे रंगवलेले असतात. वरचा किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. रुळाजवळ काहीही विपरीत दिसले, तर धावत जाण्याआधी सगळ्यात जवळच्या खांबावरचे हे दोन आकडे वाचा आणि १३९ किंवा ११२ला फोन करून तेच आधी सांगा.